पांढरे पाहुण्याचे

काम तसं एवढंसंच होतं. मुलीच्या घरी जायचं, कोन्याकची बाटली आणि मिठाईचा डबा टेबलावर ठेवायचा, मुलीच्या वडिलांशी बुद्धिबळाचा एक डाव खेळायचा आणि लग्नाचा ‘शब्द’ घेऊन परत यायचं. येरेवानमध्ये माणसं याहून अवघड कामं जेवणाआधी उरकतात. पण वार्दगेस मेलिकयानने हे काम अंगावर घेतलं आणि त्याच्या घराचं, कचेरीचं आणि इमारतीच्या अंगणाचं स्वास्थ्य सगळा वसंत ऋतू संपेपर्यंत पार बिघडून गेलं.

आता, शब्द घ्यायला जाताना डाव खेळतात असं काही नाही. बाकीची सभ्य माणसं नुसती पितात. पण मुलीचे, म्हणजे लुसीनेचे, वडील मुशेग यांच्या घराण्यात ही रीत होती. मुलाचा बाप आणि मुलीचा बाप एक डाव खेळणार, मग शब्द. त्यात मुशेग म्हणजे शाळेत बुद्धिबळ शिकवून निवृत्त झालेले मास्तर. आपल्याकडे पोरांना पाढ्यांच्या जोडीने घोड्याची अडीच घरं शिकवतात, तेव्हा बुद्धिबळाचा मास्तर म्हणजे कोण, हे वेगळं सांगायला नको. वार्दगेसच्या बायकोने, हासमिकने, त्यांना पहिल्यांदा फोन केला तेव्हा लाडात येऊन विचारलं, “कसे आहात, व्याही?”

तिकडून उत्तर आलं, “अजून नाही, बाईसाहेब. आधी डाव.”

हासमिकने फोन ठेवला आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, की जणू ते वाक्य त्यानेच उच्चारलं होतं.

खरी पंचाईत पुढेच होती. लुसीनेसाठी आधी एका दंतवैद्याच्या मुलाचं स्थळ आलं होतं. दंतवैद्य कोन्याक घेऊन गेला, डाव खेळला, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला खिम्याचा तोलमा खाऊन परत आला आणि ते जमलेलं लग्न आठवड्याभरात मोडलं. अंगणात याची चौकशी झाली. चौकशी केली सेरोबनी. सेरोब म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त भौतिकशास्त्राचे मास्तर, ज्यांच्याकडे न विचारता मत देण्याची विद्यापीठाची पदवी असावी. ते बातमी घेऊन आले, की दंतवैद्याने पहिल्याच खेळीला राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं होतं.

“संपलं!” सेरोब म्हणाले. “राजापुढच्या प्याद्याचा मुशेगने आयुष्यभर अभ्यास केलाय. कच्चं खातो तो माणसाला.”

वार्दगेसने तिथेच कपाळाला हात लावला. कारण तो जन्मात राजापुढच्या प्याद्याशिवाय दुसरं काही खेळला नव्हता. त्याचे वडील तेच खेळत, आजोबा तेच खेळत, आणि तिघेही बहुतेक वेळा हरत, पण ते घरातल्या घरात. इथे प्रश्न आर्ताकचा, एकुलत्या एक मुलाचा होता. आणि खरं सांगायचं तर लुसीनेचाही. वार्दगेस लिफ्ट तपासनीस होता आणि त्याच्याकडे लिफ्टच्या भरपूर गोष्टी होत्या. जगात त्या शेवटपर्यंत ऐकणारं आणि योग्य जागी हसणारं एकच माणूस त्याला भेटलं होतं, ते म्हणजे ही मुलगी. आपल्या एका प्याद्यापायी ती या घरात यायची राहिली तर, या विचाराने तो रोज ताट अर्धवट टाकून उठू लागला.

“तर मग वजिरापुढचं प्यादं,” सेरोबनी फर्मान काढलं. “पाहुणा तू. पाहुण्याला पांढरे मिळतात, ही मुशेगच्याही आजोबांच्या आधीपासूनची रीत आहे. पहिली खेळी तुझी. वजिरापुढचं प्यादं दोन घरं. झालं!”

झालं कसलं! तिथून सुरू झालं. वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे गेल्यावर पुढे काय करायचं, याविषयी येरेवान शहरात माणशी एक मत आहे आणि ती सगळी माणसं वार्दगेसच्या इमारतीत भाड्याने राहतात, असं त्याला वाटू लागलं.

सेरोबचं म्हणणं, आमिष दाखवायचं. वजिराच्या प्याद्याशेजारचं प्यादं पुढे करून म्हणायचं, घ्या. “तो घेईल. घेतलेलं वाचवायला बाजूचं प्यादं पुढे करील. हाव! मग तू कडेच्या प्याद्याने ते पोखर आणि वजीर तिरका बाहेर काढ. कोपऱ्यातला त्याचा हत्ती उघडा पडलेला असतो, वार्दगेस जान! उघडा!” हे सांगताना म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. वार्दगेसलाही हा सापळा फार आवडला. जेवणाच्या टेबलावर तो मिठाच्या आणि मिरीच्या डब्या घेऊन रोज तो रचायचा.

“मीठ इकडे दे,” हासमिक म्हणायची.

“थांब, ते प्यादं आहे.”

“सूप अळणी आहे, वार्दगेस.”

“दोन खेळ्या थांब ना बाई, हत्ती पडतोय!”

पण दुसऱ्या मजल्यावरच्या ओनिकला आमिष मान्य नव्हतं. ओनिक टॅक्सी चालवायचा आणि लंडन नावाच्या पद्धतीचा भक्त होता. “मास्तरांचं ऐकशील तर मरशील,” तो म्हणाला. “लंडनमध्ये डोकं लागतच नाही. उंट बाहेर काढ, प्याद्यांची भिंत बांध, राजाला आत ने. समोरचा काही का करेना, आपण आपलं रोज तेच. माझी टॅक्सी बघ. गिऱ्हाईक बदलतं, मी त्याच रस्त्याने नेतो.”

“म्हणून तर सगळे उशिरा पोहोचतात!” सेरोब कडाडले. “हा काय डाव आहे? घराला आतून कडी लावून बसायचं!”

यावर ओनिकने सेरोबच्या बायकोला बाजारात न्यायचं बंद केलं. सेरोबच्या बायकोने त्याचा दोष अर्थातच वार्दगेसला दिला आणि जिन्यात भेटल्यावर त्याच्या नमस्काराकडे दुर्लक्ष करायला सुरुवात केली. नमस्कार जिन्यातच व्हायचे, कारण इमारतीची लिफ्ट बंद होती. लिफ्ट तपासनिसाच्या इमारतीची लिफ्ट बंद असणं ही अंगणाची आवडती करमणूक होती. लिफ्ट त्याच्या विभागात येत नव्हती, ती दुसऱ्या विभागात येत होती, आणि दुसरा विभाग म्हणत होता की तुमचाच माणूस तिथे राहतो, त्याला सांगा. हे त्याने अंगणाला अनेकदा समजावलं होतं. अंगण दर वेळी शांतपणे ऐकून घ्यायचं आणि विचारायचं, “मग लिफ्ट कधी सुरू होणार?”

तिसरं मत आराक्सबाईंचं. आराक्सबाई विधवा होत्या, चौथ्या मजल्यावर राहायच्या आणि तरुणपणी मुलींच्या जिल्हा स्पर्धेत पहिल्या आल्या होत्या. ही गोष्ट त्यांनी सांगितली नाही असा दिवस मावळलेला कुणी पाहिला नव्हता. त्या बाल्कनीतून बास्तुर्म्याचं मसाला लावलेलं मांस वाळत घालता घालता खाली ओरडल्या, “त्या दोघांचं ऐकू नकोस! उंट कोपऱ्याजवळ बसव, लांब तिरप्या रेषेवर. आणि वाट बघ. नुसती वाट बघ. पुरुषांना वाट बघता येत नाही, म्हणून ते हरतात.”

तेव्हा वार्दगेसने ठरवलं, की हे असं ऐकीव ज्ञान नको. आपण पुस्तकच वाचू. कचेरीतून अर्धा दिवस सुट्टी काढून तो शहरातल्या एका बुद्धिबळ मंडळाच्या वाचनालयात गेला. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, पुस्तक फक्त सभासदांना. सभासद कोण करतं? चिटणीस. चिटणीस कुठे आहेत? आत, डाव खेळताहेत. वार्दगेस आत गेला. चिटणीस हरत होते आणि हरणाऱ्या माणसाला सभासदत्वाविषयी विचारू नये, एवढं ज्ञान वार्दगेसला होतं, म्हणून तो थांबला. डाव संपला, चिटणीस हरले, त्यांनी लगेच दुसरा मांडला. तोही हरल्यावर ते खेकसले, “सभासद व्हायला मानांकन लागतं. मानांकन आहे?” नव्हतं. “मग आधी स्पर्धा खेळा.” स्पर्धा कोण खेळू शकतं? “सभासद.”

शेवटी खिडकीतल्या बाईंना दया आली. बुधवारच्या नवशिक्यांच्या वर्गात बसायची त्यांनी परवानगी दिली. वार्दगेस बुधवारी गेला. खुर्च्या गुडघ्याएवढ्या होत्या. समोर पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी बसली होती. तिने त्याला हरवलं, मग पुन्हा हरवलं आणि निघताना खिशातली चिकट गोळी काढून त्याच्या हातावर ठेवून म्हणाली, “रडू नका हं काका, सुरुवातीला होतं असं.” त्यानंतरच्या बुधवारी वार्दगेसला अचानक कचेरीत फार काम निघालं.

कचेरीत काम म्हणजे तो लिफ्टच्या आराखड्यांच्या पाठीवर पट काढून बसायचा. एकदा साहेबांनी मागून येऊन पाहिलं. वार्दगेसला वाटलं, नोकरी गेली. साहेबांनी दार लावून घेतलं, चष्मा चढवला आणि दबक्या आवाजात विचारलं, “हा उंट इथे का?” मग त्यांनी स्वतःचं मत सांगितलं. ते सेरोब, ओनिक आणि आराक्सबाई या तिघांच्याही विरुद्ध होतं. साहेबांचं मत म्हणजे हुकूमच, त्यामुळे वार्दगेसला तेही पाठ करावं लागलं.

मुलगा आर्ताक मात्र वैतागला होता. “पपा, लुसीने लग्न माझ्याशी करणार आहे, प्याद्याशी नाही. हरलात तर हरलात!”

“दंतवैद्यही असंच म्हणाला असेल,” वार्दगेस म्हणाला.

आर्ताकने ही सगळी हकीकत लुसीनेला हसत हसत सांगितली. लुसीनेने ती आपल्या घरी जेवताना सांगितली. पोरांना वाटतं की गोष्ट हसण्यावारी गेली म्हणजे संपली.

शब्दाचा रविवार जवळ आला. लुसीनेचा काका खास त्यासाठी रशियाहून आला होता आणि मंगळवारी परत जायचा होता. आणि शनिवारी सकाळी मुशेगच्या शेजारचे आजोबा वारले. त्यांच्याच मजल्यावर, भिंतीला भिंत. इमारतीच्या दाराशी शवपेटीचं झाकण उभं केलेलं असताना आत पेले कुणी भिडवायचे? ते शक्यच नव्हतं. आणि काका गेल्यावर शब्द देणंही शक्य नव्हतं. दुपारी मुशेगचा फोन आला. “पारोन वार्दगेस,” त्यांनी अदबीने ‘श्रीयुत’ लावून सुरुवात केली, “उलटं आहे, पण इलाज नाही. उद्या आम्हीच तुमच्याकडे येतो.”

वार्दगेसला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. घरचा पट! घरची खुर्ची! तो अंगणात खाली धावला. तिथे सेरोब आणि ओनिक एकमेकांशी न बोलता शेजारी शेजारी बसले होते. त्याने बातमी सांगितली. दोघांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. ओनिकने खुर्च्या देऊ केल्या. सेरोबनी लांब टेबल देऊ केलं. टेबल जिन्यातून वर नेताना चौथ्या मजल्यावर अडकलं, तेव्हा आराक्सबाई दार उघडून बाहेर आल्या.

“काय चाललंय?”

“व्याही आपल्याकडे येताहेत!” खालून टेबलाचा पाय धरलेला ओनिक ओरडला.

आराक्सबाईंनी क्षणभर विचार केला. “मग पांढरे कुणाचे?”

वार्दगेसने टेबलाचं आपलं टोक हळूच खाली ठेवलं, ते सेरोबच्या पायावर. सेरोब ओरडलेही नाहीत. पाहुणा मुशेग. पांढरे मुशेगचे. पहिली खेळी मुशेगची. मार्चपासून वार्दगेसने पाठ केलेलं आमिष, लंडन, लांब तिरपी रेष, साहेबांचं मत, सगळं पांढऱ्याचं होतं. काळ्याने काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानेही कुणाला विचारलं नव्हतं.

“नाणं उडवा म्हणावं,” ओनिक पुटपुटला.

“घरी आलेल्या पाहुण्याच्या हातातले पांढरे काढून घ्यायचे?” वार्दगेस किंचाळला. “माझ्या बापाने वसुली करायला आलेल्या माणसालाही पांढरे दिले होते!”

“मग उद्या दुपारपर्यंत काळे शीक,” सेरोब पाय चोळत म्हणाले, आणि तिथेच टेबलाच्या दोन्ही बाजूंना अडकलेल्या माणसांमध्ये, काळ्याने काय खेळावं यावर नवं भांडण सुरू झालं.

रविवारी पाहुणे आले. सहा मजले चढून आलेले मुशेग दारात थांबून दम घेत होते. उंच, किडकिडीत, कोट गळ्यापर्यंत लावलेला. “पारोन वार्दगेस,” श्वास जुळल्यावर ते म्हणाले, “आपण लिफ्ट तपासता ना?”

“तो दुसरा विभाग आहे,” वार्दगेस म्हणाला, आणि लुसीने योग्य जागी हसली. त्याला जरा धीर आला.

टेबलावर हासमिकने जग मांडलं होतं. तोलमा, लवाशच्या पातळ रोट्या, बास्तुर्मा, गाताचा गोड पाव, कोन्याक. कुणी कशालाही हात लावला नाही, कारण कोपऱ्यातल्या छोट्या टेबलावर पट होता. अंगण दाराशी जमलं होतं. ‘खुर्च्या परत न्यायला आलोय’ असं ओनिक म्हणाला, पण माणसं अजून त्यांवर बसायची होती.

वार्दगेसने पट फिरवून पांढरे पाहुण्यासमोर केले. मुशेगनी पांढऱ्यांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा दुधात माशी दिसल्यासारखा झाला.

“तुम्ही घ्या ना पांढरे,” ते म्हणाले.

“छे छे! पाहुणे तुम्ही.”

“पण मूळचे पाहुणे तुम्हीच होता.”

“आमच्या घरात असं होत नाही, पारोन मुशेग.”

“आमच्याही होत नाही. म्हणून तर म्हणतोय.”

लुसीनेला राहवलं नाही. “बाबा, सांगून टाका ना! ” ती वार्दगेसकडे वळली. “तुम्ही वजिराचं प्यादं खेळणार, हे मी घरी सांगितल्यापासून बाबा सगळा वसंत काळे घेऊन बसलेत, वजिराच्या प्याद्याला उत्तर शोधत. आईने मीठ मागितलं तर देत नाहीत.”

हासमिकने लुसीनेच्या आईकडे पाहिलं. लुसीनेच्या आईने हासमिककडे पाहिलं. त्या दोघींचं विहीणपण त्याच क्षणी पक्कं झालं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि कॉफी उतू जाईपर्यंत त्यांनी हॉल, तारीख आणि पाहुण्यांची संख्या ठरवून टाकली. पण पुरुषांच्या जगात अजून काहीच ठरलं नव्हतं.

रीत ती रीत. मुशेगनी सुस्कारा सोडला, पांढऱ्यांवर हात फिरवला आणि दुसरं काहीच आठवत नसल्यासारखं वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे केलं.

दारातून ‘आं!’ असा सामुदायिक आवाज आला. वार्दगेस आपल्या लाडक्या प्याद्याकडे पलीकडच्या बाजूने बघत राहिला. त्यानेही वजिरापुढचं प्यादं दोन घरं पुढे केलं. दोन्ही प्यादी समोरासमोर, नाकाला नाक लावून उभी राहिली.

मुशेगनी घड्याळाकडे पाहिलं, टेबलावरच्या तोलम्याकडे पाहिलं आणि हसून हात पुढे केला. “बरोबरी? रीतही झाली, मानही राहिला.”

सगळ्या घराने श्वास सोडला. काकाने बाटलीचं बूच काढलं. आर्ताकच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रक्त आलं. वार्दगेसने फक्त तो हात हातात घ्यायचा होता.

आणि वार्दगेसच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. गुडघ्याएवढ्या खुर्च्या, ती चिकट गोळी, हरणारे चिटणीस, अळणी सूप, साहेबांचा उंट, सेरोबच्या बायकोने न घेतलेले नमस्कार, हे सगळं एक खेळी खेळून हात मिळवायला?

“नाही!” तो म्हणाला.

“पपा!” आर्ताक म्हणाला.

“वार्दगेस!” स्वयंपाकघरातून हासमिक म्हणाली.

“नाही म्हणजे नाही! बरोबरी नको मला. मी मार्चपासून जेवलो नाही धड. हरेन तर हरेन, पण आता खेळणार. तुमची खेळी आहे, पारोन मुशेग!”

बोलून झाल्यावर त्याला कळलं, की आपण काय केलंय. मुलीच्या बापाने पुढे केलेला हात, त्याच्याच घरी पाहुणा म्हणून आलेला असताना, सगळ्यांच्या देखत आपण झिडकारलाय. लुसीनेच्या काकाने बूच परत बाटलीत दाबलं. वार्दगेसचे कान लाल झाले. सुनेच्या हसण्याशिवाय पुढची वर्षं कशी जातील, हे त्याला अगदी स्पष्ट दिसलं.

मुशेगनी हात मागे घेतला. कोटाचं वरचं बटण काढलं. खुर्ची पुढे ओढली.

“दंतवैद्यालाही मी तिसऱ्या खेळीला बरोबरी देऊ केली होती,” ते पटावरून नजर न हलवता म्हणाले. “माझा हात पुरता पुढेही आला नव्हता, त्याआधीच त्याने तो पकडला. तोलम्याचा वास लागला होता त्याला. जे खेळायला आले, ते खेळायच्या आधीच उठायला बघतात. अशा घरात पोरगी द्यायची?” आणि त्यांनी आमिषाचं प्यादं पुढे केलं.

काकाने बूच पुन्हा काढलं.

पुढचं सगळं अंगण अजून सांगतं, प्रत्येक जण वेगळं. वार्दगेसने आमिष घेतलं. दारात सेरोबनी डोळे मिटून घेतले. मग ते वाचवायला त्याने बाजूचं प्यादं पुढे केलं. मुशेगनी कडेच्या प्याद्याने पोखरायला सुरुवात केली. वार्दगेसला हे सगळं कुठेतरी पाहिल्यासारखं वाटत होतं, पण मीठ आणि मिरी त्याने कायम टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिली होती. मुशेगचा वजीर तिरका बाहेर आला, तेव्हा त्याला ओळख पटली. कोपऱ्यातला त्याचा हत्ती उघडा पडला होता.

“उघडा!” सेरोब कळवळून ओरडले. “मी त्याला हेच शिकवलं होतं!”

“लंडन खेळला असता तर,” ओनिक म्हणाला.

“वाट बघायची होती,” आराक्सबाई म्हणाल्या.

वार्दगेसने ऐकलं नाही. तो घामाघूम होऊन, हत्तीविना, दात-ओठ खाऊन झुंजत होता आणि मुशेगही पुढे झुकून, कॉफी विसरून, एकेका प्याद्यासाठी भांडत होते. तोलमा थंड झाला. स्वयंपाकघरात लग्नाचा हॉल दोनदा बदलला गेला. शेवटी मुशेगनी वजीर उचलला, वार्दगेसच्या राजाच्या अगदी समोर आणून ठेवला आणि पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

“शह,” ते म्हणाले. मग पटावरून हात पुढे करत, “आणि मात, व्याही जान.”